आदर, मान, पूज्यभाव : मानपत्राचं इंग्रजी करताना कुठला शब्द कुठे बसतो

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कीर्तनकार बुवांच्या पंचाहत्तरीची स्मरणिका माझ्या हातून गेली. त्यात एक पान इंग्रजीत होतं, कारण बुवांची मुलगी कॅनडात आणि नातवंडांना मराठी ऐकून कळतं, वाचता येत नाही. मी लिहिलं होतं ‘रेव्हर्ड’, म्हणजे पूजनीय. छापून आलं ‘रेव्हरंड’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोहोंत फक्त एका ‘एन’चा फरक आहे. त्या एका ‘एन’नं बुवा पाद्री झाले. शेवटचं प्रूफ मीच वाचलं होतं, त्यामुळे प्रेसवर ढकलायचीही सोय नव्हती. बुवा मात्र दिलखुलास हसले आणि म्हणाले, “असू दे, ना. वा. टिळक पण रेव्हरंडच होते की!”

तेव्हापासून आदराच्या इंग्रजी शब्दांशी मी जपून वागते. सत्कार, मानपत्रं, श्रद्धांजलीचे मजकूर, शाळांच्या शताब्दीची पुस्तकं असं काम वर्षभर येत राहतं आणि हल्ली प्रत्येकाला सोबत इंग्रजी पानही हवं असतं. शब्दकोश उघडला की आदर या एका शब्दासमोर आठ-दहा इंग्रजी शब्द दिसतात आणि माणूस त्यातला सगळ्यात भारदस्त वाटेल तो उचलतो. घोटाळा तिथेच होतो. मी कामाला बसल्यावर ज्या क्रमानं जाते, तोच इथे लिहिते.

पायरी १ : नाम सोडा, क्रियापद बघा

मराठीत ‘मान’ हा शब्द जागचा हलत नाही, त्याच्यामागचं क्रियापद बदलतं आणि अर्थ पार वेगळा होतो. पाहुण्याला मान देतात. थोरल्या काकांच्या शब्दाचा मान राखतात. सासरचे मानपान करतात. एखाद्या घराण्याला पालखी उचलण्याचा मान असतो. धडपडून माणूस समाजात मान मिळवतो. पाच ठिकाणी मान तोच, पण इंग्रजीत पाचही ठिकाणी एकच शब्द घातलात तर किमान तीन वाक्यं फसतील. इंग्रजी हे काम नामावर टाकते: दिलेला मान वेगळा, राखलेला वेगळा, परंपरेनं आलेला वेगळा.

म्हणून मूळ मजकुरात मान, आदर, सन्मान दिसला की त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि पुढचं क्रियापद गोल करा. वाटतो की करतो? देतो की राखतो? मिळतो की असतो? एवढं केलंत की निम्मं काम झालं.

पायरी २ : आधी ‘रिस्पेक्ट’ घालून बघा

हा साधा शब्द आहे आणि म्हणूनच लोक तो टाळतात. “रिस्पेक्ट फारच फिका वाटतो हो,” असं मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी सांगतं. फिका अजिबात नाही. त्याचं लॅटिन मूळ ‘मागे वळून बघणं’ असं आहे. इन्स्पेक्ट, सस्पेक्ट, स्पेक्टॅकल ही सगळी त्याच घरातली भावंडं, सगळ्यांचा धंदा बघण्याचा. म्हणजे समोरच्याची दखल घेणं, तो आहे हे धरून वागणं, हा त्याचा गाभा. म्हणून तो माणसाला लागतो तसाच कायद्याला, दुसऱ्याच्या वेळेला, खवळलेल्या समुद्रालाही लागतो. समोरचा आवडलाच पाहिजे अशी अट नाही. कोर्टात समोरच्या पक्षाच्या वकिलाबद्दल रिस्पेक्ट असू शकतो आणि त्याच दिवशी त्याला हरवायचंही असतं.

आपल्या संविधानात ५१-क कलमात मूलभूत कर्तव्यं आहेत, १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं आलेली. संविधानाचे आदर्श, राष्ट्रध्वज, राष्ट्रगीत यांच्यासाठी इंग्रजी मजकुरात शब्द आहे तो ‘रिस्पेक्ट’. रेव्हरन्स नाही, वर्शिप तर नाहीच. लगेच पुढच्या पोटकलमात स्वातंत्र्यलढ्याच्या आदर्शांसाठी ‘चेरिश’ येतो, उराशी जपणं या अर्थाचा. नागरिकाकडून कायद्यानं काय मागता येतं आणि किती, याचा अंदाज घेऊनच हे शब्द बसलेत असं मला वाटतं. राष्ट्रध्वजाला जो शब्द पुरतो तो तुमच्या सत्कारमूर्तींना कमी पडणार नाही.

वापरताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. रिस्पेक्टच्या मागे ‘फॉर’ लावा. रिस्पेक्टफुल म्हणजे दुसऱ्याला आदर दाखवणारा, रिस्पेक्टेबल म्हणजे चारचौघांत बरा दिसणारा, आणि रिस्पेक्टिव्हचा आदराशी संबंध नाही, तो ‘आपापला’. पत्राची सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’ अशी करणं ही आपली ‘आदरणीय’ची सावली आहे. इथे चालून जातं, पण पत्र लंडनला जाणार असेल तर ‘डिअर सर’ लिहा. आणि ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ म्हणजे आपलं ‘तुमचा मान राखून सांगते’. ते ऐकलं की पुढे विरोध येणार हे सगळ्यांना कळतं, त्यामुळे मानपत्रात त्याला जागा नाही.

पायरी ३ : भीती किती आहे ते तपासा

रिस्पेक्ट कमी पडतोय असं खरंच वाटलं तर स्वतःला विचारा, या आदरात भीतीचा अंश आहे का? पोलिसाची भीती म्हणत नाही मी. देवघरात जाताना आवाज आपोआप खाली येतो, ती.

असेल तर ‘रेव्हरन्स’. त्याच्या लॅटिन मुळातच भिऊन असण्याचा अर्थ आहे. आपला ‘पूज्यभाव’ त्याच्या सर्वांत जवळ जातो, पण पूज्यभावात ओलावा जास्त आणि अंतर कमी. रेव्हरन्सला अंतर लागतं. वयाचं, काळाचं, उंचीचं, कुठलंही चालेल, पण लागतं. म्हणून ज्ञानेश्वरांविषयी, हिमालयाविषयी, एखाद्या दिवंगत गुरूविषयी तो शोभतो. शेजारच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, रोज सकाळी दुधाची पिशवी आणायला खाली उतरणाऱ्या काकांना लावला की ते पुतळा झाल्यासारखे वाटतात.

याच घरातले तीन शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका. ‘रेव्हर्ड’ म्हणजे ज्याच्याबद्दल पूज्यभाव आहे तो. ‘रेव्हरंट’ म्हणजे ज्याच्या मनात पूज्यभाव आहे तो. ‘रेव्हरंड’ ही ख्रिस्ती धर्मोपदेशकाची उपाधी. बुवांची आठवण ठेवा.

भीती त्याहून जास्त, आणि सोबत थक्क होणं असेल, तर ‘ऑ’. ए-डब्ल्यू-ई, तीनच अक्षरं. हा उत्तरेकडून आलेला जुना शब्द, मूळ अर्थ निव्वळ धास्ती. मराठीत ‘दरारा’ त्याच्या जवळ बसतो. धाक, वचक आणि दरारा यांतला फरक आपल्याला न शिकवता कळतो: धाक छडीचा असतो, वचक शिक्षेच्या शक्यतेचा, दरारा मात्र माणसाच्या असण्याचा. इंग्रजीत पहिले दोन ‘फिअर’च्या बाजूला जातात, तिसरा ‘ऑ’च्या. त्याची विशेषणं मात्र आता निकामी झालीत. ‘ऑफुल’ कधीकाळी दरारा बसवणारा होता, आज त्याचा अर्थ भिकार. ‘ऑसम’ तर कॉलेजातल्या वडापावलाही लागतो. तेव्हा ‘इन ऑ ऑफ’ असा शब्दप्रयोग करा, विशेषणाच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ४ : देवाजवळचे शब्द देवाजवळच ठेवा

भक्ती, पूजा, उपासना या तिघांनाही आपण ‘वर्शिप’ म्हणून टाकतो. वर्शिपचा जुना अर्थ ‘योग्यता असणं’ एवढाच होता. म्हणून इंग्लंडात महापौराला आणि मॅजिस्ट्रेटला ‘युअर वर्शिप’ म्हणतात, आणि १५४९ च्या अँग्लिकन प्रार्थनाविधीत नवरा बायकोला ‘या देहानं मी तुला वर्शिप करतो’ असं वचन देतो. आज मात्र साध्या वाक्यात वर्शिप म्हणजे देवाची पूजा, नाहीतर आंधळं प्रेम. ‘विद्यार्थी सरांना वर्शिप करतात’ हे इंग्रजीत कौतुक कमी आणि तक्रार जास्त वाटतं.

‘व्हेनरेशन’ मधल्या पायरीवरचा शब्द. नातं थेट व्हीनसशी, म्हणजे मुळात प्रेमाचा, पण आता तो प्राचीन आणि पवित्र गोष्टींपुढे उभा असतो. वर्शिप आणि व्हेनरेशन यांतला फरक ख्रिस्ती धर्मात शब्दशः भांडून ठरवलेला आहे. चित्रांपुढे आणि मूर्तींपुढे नमावं की नाही या वादावर ७८७ साली नायसीआच्या दुसऱ्या परिषदेनं निकाल दिला: आराधना फक्त ईश्वराची, प्रतिमांना वंदन. ग्रीकमध्ये दोन वेगळे शब्द होते, इंग्रजीत ती जोडी वर्शिप आणि व्हेनरेशन अशी आली.

हे दूरचं वाटत असेल तर जुन्या गोव्याला चला. बॉम जीझस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत आणि साधारण दर दहा वर्षांनी ते लोकांना जवळून दर्शनासाठी ठेवतात. अलीकडचा सोहळा नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असा झाला. गोव्यातल्या लोकांसाठी तो ‘गोंयचो सायब’. रांगेत ख्रिस्ती असतात तसे हिंदूही. मराठीत ‘सायबाचं दर्शन घेतलं’ म्हटलं की संपलं, पण इंग्रजी बातमीत ‘वर्शिप’ लिहिलंत तर कॅथलिक वाचक दुखावेल, कारण त्याच्या धर्मात संताची आराधना होत नाही. तिथे ‘व्हेनरेट’च हवा. त्याच परंपरेत ‘व्हेनरेबल’ ही संतपदाच्या वाटेवरची एक ठरलेली पायरीसुद्धा आहे. पिलारचे फादर आग्नेल यांच्या नावाआधी तो शब्द १९८६ पासून लागतो. उलट जोसेफ वाझ यांना २०१५ साली संत घोषित केलं, त्यामुळे त्यांना आता व्हेनरेबल म्हणणं म्हणजे बढती मिळालेल्या माणसाला जुन्या हुद्द्यानं हाक मारणं. बौद्ध भिक्खूंच्या नावाआधी येणारा ‘भन्ते’ इंग्रजीत व्हेनरेबल होतो, ते बरोबरच आहे.

‘अडोअर’ मुळात प्रार्थनेचा शब्द, आता लाडाचा. आजीला नातू अडोअर करतो, हापूसलाही करतो. मानपत्रात नको.

पायरी ५ : कोण कुणापुढे वाकतंय?

मराठीत ‘मान’ म्हणजे आदर आणि मान म्हणजे गळ्यावरची मानही. योगायोग असेल, पण बोलका आहे: कुणाचा मान राखायचा तर पुष्कळदा आपली मान तुकवावी लागते. इंग्रजीत मान तुकवण्याचे शब्द वेगळ्या खणात ठेवलेत.

‘डेफरन्स’ म्हणजे स्वतःचं मत बाजूला ठेवून दुसऱ्याच्या मतानं घेणं. ‘आईच्या शब्दाचा मान राखून त्यानं लग्न पुढे ढकललं’ यातला ‘मान राखून’ म्हणजे हा. मजा अशी की त्याला आदर लागतोच असं नाही. भिडेखातरही माणूस डेफर करतो. मोठ्यांच्या समोर बोलायचं नाही म्हणून गप्प बसणारी सून सासऱ्याच्या मताला डेफर करत असते. तिला सासऱ्याबद्दल रिस्पेक्ट आहे की नाही, हे तिलाच विचारावं लागेल. भीड ही भिकेची बहीण असं आपण म्हणतो, ती भीड डेफरन्सच्या पोटात येते.

लिहिताना स्पेलिंग जपा. भूतकाळी रूपात एक ‘एफ’ आणि दोन ‘आर’ असतील तर गावानं सरांचा शब्द मानला. दोन ‘एफ’ आणि एक ‘आर’ झाले तर गावाचा सरांशी मतभेद झाला. संगणक दोन्ही शब्द बरोबरच धरतो, खाली लाल रेघ येत नाही. मागे ‘टु’ हवाच. ‘टु’ नसेल तर अर्थ होतो पुढे ढकलणं.

‘होमेज’ हा सरंजामी शब्द. फ्रेंचमधल्या माणूस या अर्थाच्या शब्दापासून आलेला: मांडलिक गुडघे टेकून, जोडलेले हात धन्याच्या हातांत देऊन ‘मी तुमचा माणूस’ असं कबूल करायचा. ६ मे २०२३ ला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकात युवराज विल्यमनं बापापुढे गुडघे टेकून नेमका हाच विधी केला. आपल्याकडे याचा भाऊ ‘मुजरा’. आज मृत व्यक्तीला आणि थोर कलावंताला ‘पे होमेज टु’ म्हणतात, ते योग्यच, पण जिवंत माणसाच्या सत्कारात ते नको. ‘ट्रिब्यूट’चं तसं नाही, तो जिवंतांनाही चालतो. हा मूळचा खंडणीचा शब्द, इतिहासाच्या पुस्तकात अजूनही त्याच अर्थानं भेटतो. भावपूर्ण श्रद्धांजली आणि खंडणी एकाच शब्दात राहतात, हे मला अजून पचलेलं नाही.

‘ओबेसन्स’ म्हणजे प्रत्यक्ष वाकून केलेलं वंदन. मनात काय आहे ते त्याला ठाऊक नसतं.

हा सगळा खण नीट लावून दाखवलेला मला सापडला तो बाबासाहेब आंबेडकरांच्या एका भाषणात. १८ जानेवारी १९४३, पुण्याचं गोखले सभागृह, न्यायमूर्ती रानड्यांची १०१ वी जयंती. विभूतिपूजेचे त्यांनी दोन प्रकार केले. थोर माणसाविषयी अपार कौतुक वाटणं हा एक, त्याला ते ‘अ‍ॅडमिरेशन’ म्हणतात, आणि त्याचं रिस्पेक्टशी जमतं असं सांगतात. त्याच्या आज्ञेत राहणं हा दुसरा, आणि त्यासाठी त्यांनी भूदासानं धन्याला वाहिलेल्या निष्ठेचा, म्हणजे होमेजच्याच घराण्यातला शब्द वापरलाय. पहिल्यात विचार करण्याची बुद्धी शाबूत राहते, दुसऱ्यात माणूस खालावतो. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल इशारा देताना त्यांनी इंग्रजी वाक्यात ‘भक्ती’ हा शब्द तसाच ठेवला आणि शेजारी ‘हिरो-वर्शिप’ लिहिलं. ‘डिव्होशनचा मार्ग’ असा अर्थही एकदा सांगितला. पण मूळ शब्द सोडला नाही. कधीकधी शब्द न बदलणं हाच उत्तम अनुवाद असतो.

पायरी ६ : ‘ऑनर’ म्हणजे दिसणारा मान

रिस्पेक्ट मनात असतो, ऑनर चारचौघांत असतो. शाल, श्रीफळ, पहिली खुर्ची, पहिली पूजा. पुण्याच्या मानाच्या पाच गणपतींना इंग्रजीत ‘रेव्हर्ड गणपती’ लिहिलेलं मी पाहिलंय. मग बाकीचे काय कमी पूजनीय? कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा यांचा मान विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या क्रमाचा आहे. तिथे ‘प्लेस ऑफ ऑनर’ हवं, नाहीतर सरळ ‘मानाचे’ ठेवून एका वाक्यात क्रम समजवा. आषाढीला मुख्यमंत्र्यांबरोबर विठ्ठलाच्या महापूजेला उभं राहणाऱ्या मानाच्या वारकऱ्यांनाही हेच लागू.

ऑनर शब्द पाळण्यालाही चालतो. चेक वटला नाही की ‘डिसऑनर’ झाला म्हणतात, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १३८ त्यावरच आहे. वचन, विनंती, करार हे सगळे ऑनर करता येतात. मात्र ‘ऑनर किलिंग’मधला ऑनर म्हणजे मान नाही, अब्रू. लेखात दोन्ही ऑनर येत असतील तर मराठीत ते वेगळे काढा. आणि ‘एच’चा उच्चार नाही, म्हणून आधी ‘अ‍ॅन’.

पायरी ७ : मोजून दिलेला आदर

‘एस्टीम’ आणि ‘एस्टिमेट’ एकाच लॅटिन शब्दाची मुलं. म्हणजे जोखून, किंमत ठरवून दिलेला आदर. विद्वानाला, कारागिराला, डॉक्टरला शोभतो. नोकरीच्या अर्जातलं ‘युअर एस्टीम्ड ऑर्गनायझेशन’ मात्र आता कृपा करून सोडा. ‘अ‍ॅडमायर’मध्ये नवल आहे, तो गुणावर जातो, माणूस कसाही असो. चोराच्या हाताच्या सफाईलाही अ‍ॅडमायर करता येतं. ‘रिगार्ड्स’ पत्राच्या तळाशी, बस.

आता प्रत्यक्ष काम

मागच्या पावसाळ्यात एका निवृत्त हेडमास्तरांचं मानपत्र आलं. सून न्यू जर्सीत, नातवंडांसाठी इंग्रजी प्रत हवी होती. मजकूर लिहिणाऱ्यानं जीव ओतला होता.

‘सरांचा दरारा होता, धाक नव्हता.’ मी केलं : ‘वुई वेअर इन ऑ ऑफ हिम, नेव्हर अफ्रेड ऑफ हिम.’ हे बसलं.

‘गावानं त्यांच्या शब्दाचा कायम मान राखला.’ डेफर, एक एफ, दोन आर, मागे टु. तीनदा मोजले.

‘ग्रामदैवताच्या पालखीला पहिला खांदा देण्याचा मान त्यांच्या घराण्याचा.’ ऑनर, आणि त्याआधी ‘हेरिडिटरी’, कारण तो सरांनी मिळवलेला नाही, पणजोबांकडून आलाय. हा फरक नातवंडांना कळायला हवा.

‘त्यांच्या व्यासंगाबद्दल पंचक्रोशीत आदर आहे.’ एस्टीम. इथे जोखून दिलेला आदर आहे, गावानं त्यांची पुस्तकांची कपाटं पाहिलीत.

‘आम्ही सरांच्या चरणी नतमस्तक होऊन हे मानपत्र अर्पण करतो.’ यावर मी अर्धा दिवस घालवला. शब्दशः केलं तर परदेशातल्या शाळेत शिकणाऱ्या पोराच्या डोळ्यांसमोर आजोबांच्या पायाशी लोळणारे तीनशे लोक येणार. आपल्याला त्यात फक्त एक वाकलेली मान दिसते. शेवटी ‘विथ डीप रिस्पेक्ट’ एवढंच ठेवलं. लिहिणारे गृहस्थ थोडे नाराज झाले.

‘विद्यार्थ्यांच्या मनात सरांविषयी पूज्यभाव आहे’ इथे मात्र मी मोहात पडले आणि ‘रेव्हर्ड बाय हिज स्टुडंट्स’ लिहिलं. स्वतःच सांगितलेला अंतराचा नियम स्वतःच विसरले.

सरांनी आयुष्यभर इंग्रजीच शिकवलेलं. मसुदा त्यांना दाखवू नये असं ठरलं होतं, पण गावात अशा गोष्टी लपत नाहीत. चार दिवसांनी कागद परत आला. सगळं जसंच्या तसं, फक्त एका ठिकाणी लाल शाईनं ‘रेव्हर्ड’ खोडून वर ‘रिस्पेक्टेड’ लिहिलेलं, आणि समासात बारीक, सुबक अक्षरात : ‘अजून आहे मी.’